हलकी भिंत

ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा क्यूब साच्यातून काढला की उचलायला दोन्ही हात लागतात. सहा इंच लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच, आणि वजन आठ किलोच्या आसपास. पुण्यात बारा वर्षं साइटवर काढली, त्यात असे किती क्यूब उचलले त्याचा हिशेब नाही, पण ते वजन हातांना पाठ आहे. मार्च २०२३ मध्ये पौडी गढवालमधल्या एका गावात, तसल्याच लोखंडी साच्यातून निघालेला ठोकळा मिस्त्रींनी माझ्यापुढे धरला आणि मी सवयीनं दोन्ही हात पुढे केले. ते म्हणाले, "एक हाथ से, भुली." गढवालीत भुली म्हणजे धाकटी बहीण. ठोकळा सव्वा किलोचा भरला. भांगेच्या झाडाची काडी, चुना, विटांचा चुरा आणि पाणी. बाकी त्यात काही नव्हतं.

त्या सव्वा किलोसाठी मी एवढ्या लांब गेले होते. का, ते सांगायचं तर १९९३ पासून सांगावं लागेल.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पंचक्रोशीतलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायच्या थोडं आधी, भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. मी सात वर्षांची होते. आमचं घर माळवदाचं. दगडमातीच्या अडीच फूट रुंद भिंती, वर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती चढायची. वर्षानुवर्षं चढत गेलेलं ते वजन कुणी मोजलेलं नव्हतं. अशा घरात उन्हाळ्यात दुपारीसुद्धा गारवा असायचा, म्हणून सगळ्यांना ते प्रिय. आमची मागची भिंत बाहेरच्या बाजूला गोठ्यावर पडली, दोन बैल गेले. समोरच्या आळीतल्या भिंती आत पडल्या. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही.

त्यानंतर आई दगडी भिंतीच्या आड कधी झोपली नाही. अंगणात पत्र्याची खोली उभी राहिली ती तात्पुरती म्हणून, आणि तीस वर्षं तीच तिची खोली झाली. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, असं ती म्हणायची. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी त्या खोलीत पाय ठेवता येत नाही. पश्चिमेच्या पत्र्याला तर संध्याकाळी सहा वाजताही हात लावला की चटका बसायचा. आमच्या भागात असे संसार पुष्कळ आहेत. मी सिव्हिलचा डिप्लोमा केला तो याच घरातून, आणि मनात एकच होतं, की हलकी असेल आणि तापणार नाही अशी भिंत मला बांधता आली पाहिजे.

भांगेचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते मात्र वेरूळच्या संदर्भात. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांमधला मातीचा गिलावा तपासला, तेव्हा त्यात भांगेचे तंतू आणि तुकडे सापडले. ‘करंट सायन्स’मध्ये २०१६ साली ते छापून आलं. देवगिरीच्या किल्ल्यातल्या गिलाव्यातही त्यांना भांग मिळाली. अजिंठ्याच्या गिलाव्यात ती नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी मोठं नुकसान केलेलं आहे. मी वेरूळला शाळेच्या सहलीत गेले होते, नंतर पाहुण्यांना घेऊन चार-पाच वेळा गेले होते. मूर्ती पाहिल्या, गिलावा कधी पाहिला नव्हता. बातमी वाचल्यावर पुन्हा गेले, बाराव्या लेण्यात उभी राहिले, आणि उडालेल्या गिलाव्याच्या कडेला मातीतून डोकावणारे बारीक तंतू बराच वेळ पाहत होते. ते तंतू कसले, हे नुसत्या डोळ्यांना कळणं शक्य नाही. तरीही माझ्या डोक्यातून ते गेले नाहीत.

गिलाव्यात भांग घालणं वेगळं आणि सबंध भिंतच तिची बांधणं वेगळं. ही दुसरी पद्धत फ्रान्समधली. तिथल्या जुन्या घरांचा सांगाडा लाकडाचा आणि मधली भरण मातीची असायची, म्हणजे आपल्या कुडाच्या भिंतीची चुलत बहीणच. दुरुस्ती करताना लोकांनी त्यात सिमेंट भरलं, ओल आत अडकली आणि लाकूड कुजू लागलं. मग चुन्यात भांगेची काडी मिसळून पाहिली गेली. १९८६ साली नोजाँ-स्यूर-सेन या गावात शार्ल रासेती यांनी एका जुन्या घराच्या दुरुस्तीत ती वापरली आणि तिथून ही पद्धत पसरत गेली. आपल्याकडे उत्तराखंडनं २०१८ मध्ये देशात सर्वांत आधी औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत असलेलीच भांग. त्या डोंगरांत हे झाड नवं नाही. तिच्या धाग्याचं जाडंभरडं कापड विणायची जुनी रीत आहे आणि बियांची चटणी तर घरोघरी होते. बांधकाम शिकायला म्हणून मी तिथंच जायचं ठरवलं.

होळी झाली आणि निघाले. हरिद्वारला उतरून ऋषिकेशवरून जीपनं पुढे. डोंगरात बुरांश लालभडक फुलला होता. शिकायला आम्ही नऊ जण होतो आणि शिकवणारे दोन मिस्त्री. मुक्काम गावातल्याच एका घरात. पहिल्याच रात्री जेवणात मंडुव्याची भाकरी आणि गहतची डाळ आली. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे आमच्याकडचे हुलगे. सोबत भाजलेल्या भांगेच्या बियांची चटणी. त्या घरातल्या दीदी वाढताना म्हणाल्या, "हे इथं लहान मुलंही खातात, घाबरू नको." मी घाबरले नव्हते, पण माझ्यासोबतच्या एकानं चटणी बाजूला सारली होती आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

पहिले तीन दिवस आम्ही भिंतीला हात लावला नाही. नुसती काडी. झाडाच्या देठावरची साल सोलली की धागा निघतो आणि आत पांढरट, पोकळसर, हलकी काडी उरते. अंबाडी सोलल्यावर उरणारी सणकाडी ज्यांनी हाताळली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. देठाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग या काडीचाच असतो. तिचे अर्ध्या ते एक इंचाचे तुकडे करायचे, चाळून धूळ काढायची आणि राहिलेला धागा वेचून टाकायचा. हे वेचायचं काम मला पहिल्या दिवशी फार कंटाळवाणं वाटलं. चौथ्या दिवशी कालवताना समजलं की धागा राहिला तर त्याभोवती चुन्याचे गोळे होतात आणि बाकीची काडी कोरडी राहते. काडी हातात घेऊन मोडली तर आत स्पंजासारखी बारीक भोकं दिसतात. सगळी करामत त्या भोकांत आहे. त्यांच्यात हवा राहते, म्हणून भिंत हलकी होते आणि तापत नाही. तीच भोकं पाणीही ओढून घेतात, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट, आणि नवशिक्याची फजिती होते तीही तिथंच.

पण खरं सांगायचं तर भांगेपेक्षा मला चुना शिकायला जास्त वेळ लागला. आमच्या पिढीच्या इंजिनिअरांना चुना म्हणजे भिंतीला पांढरी सफेदी, एवढंच माहीत असतं. वाड्यांच्या काळची चुन्याची घाणी मी चित्रातच पाहिलेली. सिमेंट पाण्यात घट्ट होतं. चुना घट्ट होतो तो हवेतल्या कर्बवायूनं, हळूहळू, आणि होता होता पुन्हा चुनखडी बनतो. फूटभर जाडीच्या भिंतीत ही हवा आतपर्यंत पोचायला फार दिवस लागतात. म्हणून चुन्यात सुरखी घालायची, म्हणजे विटांचा बारीक चुरा. ती ओलाव्यातच चुन्याशी धरते आणि भिंतीचा गाभा आतून आवळते. आम्ही तीन भाग चुन्याला एक भाग सुरखी घेत होतो. त्यासाठी विटा कमी भाजलेल्या लागतात. साइटवर ज्या पोचट म्हणून आम्ही परत पाठवायचो, नेमक्या त्याच इथं उपयोगी.

मिस्त्रींनी एका सकाळी दोन थाळ्यांत चुना ठेवला. दिसायला दोन्ही सारखे, पांढरे, मऊ. मग लिंबू कापलं आणि दोन्हींवर पिळलं. एक थाळी गप्प राहिली. दुसरीत बारीक फेस आला, सर्रर्र आवाज झाला. "यह मर चुका है," ते फेसाकडे बोट दाखवून म्हणाले. पोतं उघडं राहिलं की चुना पोत्यातच हवा खातो आणि चुनखडी होऊन बसतो. लिंबाच्या आंबटानं चुनखडीतला वायू सुटतो, तोच फेस. ताजा चुना फेसाळत नाही. सोप्यात सोपी परीक्षा. ती मी वहीत लिहून घेतली, खाली रेघही ओढली, आणि तरी पुढे घरी मला ती महागात पडली. ते पुढे येईलच.

चुना हातालाही सोडत नाही. त्या लिंबाच्या परीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी हातमोज्याच्या वरच्या काठातून ओला चुना आत गेला आणि मनगटाभोवती भाजल्यासारखा लाल पट्टा उठला. तेव्हापासून मोहरीचं तेल चोळून मगच मोजे, डोळ्याला गॉगल आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली, हा नेम झाला.

कालवण्याचं प्रमाण मापानं होतं. चार घमेली काडी, एक घमेलं चुना-सुरखी, एक घमेलं पाणी. काँक्रीटच्या गोल फिरत्या मिक्सरमध्ये काडीचे लाडू वळले जातात, म्हणून आम्ही ताडपत्रीवर फावड्यानंच कालवत होतो. काडीवर चुन्याचा साय धरल्यासारखा पातळ थर बसला पाहिजे, बास. मग मूठ वळायची. मूठ उघडल्यावर गोळा टिकला पाहिजे, बोटानं दाबला की दोन तुकडे व्हायला पाहिजेत आणि बोटांच्या फटीतून एक थेंबही गळायला नको. माझ्या पहिल्या गोळ्यातून पाणी गळालं. दुसऱ्यातूनही. बारा वर्षं काँक्रीट पाहिलेल्या डोळ्याला हा माल कोरडा वाटत होता आणि हात आपसूक पाण्याच्या डब्याकडे जात होता.

भिंतीचा भार लाकडी सांगाड्यावर असतो, हे आधीच सांगायला हवं होतं. भांग-चुन्याची दाब सोसायची ताकद साध्या काँक्रीटच्या विसाव्या हिश्शाइतकीही नसते. जो कोणी या मालाच्या बिनसांगाड्याच्या भिंतीवर स्लॅब टाकायचं म्हणेल, त्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. दगडी जोतं, जोत्यावर लाकडाचे खांब, खांबांच्या दोन्ही अंगांना सेंट्रिंगच्या फळ्या, आणि मधल्या फूटभर जागेत हा माल चार-सहा बोटांच्या थरानं भरत जायचा. दोन फूट भरलं की फळ्या सोडवून वर सरकवायच्या.

थर भरला की काँक्रीटवाला काय करतो? ठासतो. व्हायब्रेटर घालतो. हवेचा एक बुडबुडा आत राहू देत नाही. मीही ठासलं. लाकडी दांडक्यानं, मन लावून, कोपरान्‌कोपरा. मिस्त्री पलीकडच्या टोकाला होते, त्यांनी पाहिलं नाही. दुपारी फळ्या काढल्या तर माझा दोन फुटांचा पट्टा गुळगुळीत, काळपट आणि बाकीच्यांपेक्षा सुबक दिसत होता. मला तो फार आवडला. ते आले, तळहात लावला आणि काहीच बोलले नाहीत. माझ्याच मालाचा एक क्यूब माझ्याच हातानं भरायला लावला, जसा भिंतीत भरला तसा. मग वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं. ओला क्यूब ओल्या क्यूबशेजारी. त्यांचा आणि माझा. माझा जवळजवळ दुप्पट जड होता.

"किती हवा काढलीस बघ," ते म्हणाले.

तो पट्टा आम्ही दोघांनी मिळून पाडला. माल ओला असल्यामुळे सुटा करून पुन्हा भरता आला. या खेपेला त्यांनी दांडकं काढून घेतलं. कडेला फळीलगत बोटांनी चेपायचं, कोपऱ्यात मुठीनं, आणि मधे नुसता हात फिरवायचा, गादी सारखी करतो तसा. हे जमायला मला पुढचे आठ दिवस लागले. अंगात मुरलेली गोष्ट सोडायला, नवी गोष्ट शिकण्याहून जास्त दिवस लागतात, असं माझ्या हातांनी मला दाखवलं.

याच दिवसांत फूलदेई आली. चैत्राच्या पहिल्या दिवशी तिथली लहान मुलं पहाटे परडीत फुलं घेऊन घरोघर फिरतात आणि उंबऱ्यावर वाहतात. आमच्या बांधकामावर तेव्हा गुडघ्याएवढी भिंत आणि दाराची नुसती चौकट होती. सकाळी कामावर गेलो तर त्या चौकटीखाली बुरांशाच्या आणि पिवळ्या फ्योंलीच्या पाकळ्या पडलेल्या. मुलांच्या लेखी ते घर झालं होतं. त्या दिवशी आम्ही दारातून न जाता भिंतीवरून उतरून आत गेलो.

संध्याकाळी चूल पेटली की मिस्त्री बोलत. त्यांनी एकदा विचारलं, इतक्या लांबून हे का शिकायला आलीस. मी किल्लारी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, २९ मार्च १९९९. चमोलीचा भूकंप. ते तेव्हा तिकडच्याच एका गावात दगडी काम करत होते, छपरावर पठाल, म्हणजे दगडी पाट्या. रात्रीची वेळ. पठाल किती जड असते ते त्यांनी हातानं दाखवलं, पुढे बोलले नाहीत. मराठवाड्यातलं माळवद आणि गढवालचं पठाल, दोन्हींचं काम उन्हापावसापासून वाचवायचं. त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. आमच्या जुन्या घराची एक चौरस मीटर भिंत दीड टनाच्या पुढे जात होती. नऊ इंची विटेची सव्वाचारशे किलोच्या वर. ही फूटभर जाडीची भांग-चुन्याची, वाळल्यावर, शंभर किलोच्या आसपास. भूकंपात जमीन हलते तेव्हा भिंतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. हे मी डिप्लोमाला शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आकडे असे एकाखाली एक मांडून मी कधी पाहिले नव्हते.

गिलाव्याचं काम शेजारच्या जुन्या, वाळलेल्या भिंतीवर शिकलो, कारण ताजी भिंत कित्येक आठवडे वाळावी लागते. गिलावा चुन्याचाच. सिमेंटचा केला तर भिंतीतली वाफ कोंडते आणि फ्रान्समधल्या त्या घरांचीच गत होते. एवढं एक वाक्य पाठ केलं तरी पुरे.

चोवीस दिवसांनी परत आले. पुढचं सगळं आमच्या अंगणात.

खोली पूर्ण बांधायची तर टनभर काडी लागली असती. मी फक्त पश्चिमेची भिंत घ्यायचं ठरवलं. बारा फूट लांब, आठ फूट उंच, तीनशे किलो काडी. ट्रकनं ती दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर तोडून आली आणि तिचं भाडं तिच्या किमतीपेक्षा जास्त झालं. पोती उतरली आणि गावभर झालं की अमक्याच्या पोरीनं भांग आणली. पोलीस पाटील काका स्वतः आले. मी त्यांना चहा दिला, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याची प्रत दाखवली. गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे असं त्यात स्पष्ट आहे, आणि धाग्यासाठी, बियांसाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं हेही त्यातच आहे. काकांनी पोत्यात हात घालून काडी काढली, वास घेतला, दातानं मोडून पाहिली आणि म्हणाले, "ही तर सणकाडीच की गं." मग वेरूळचं सांगितलं. ते त्यांनी पारावर नेलं आणि पुढचे चार दिवस मला कुणी काही विचारलं नाही.

आमचे गवंडी मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी दोन दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी फावडं टेकवून म्हणाले, "ताई, निस्तं भुसकट हाय हे. आन् दाबायचं बी न्हाई म्हनता. उभं कसं ऱ्हायचं?" मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. मी त्यांना साच्यातला क्यूब दिला, एका हातात.

आणि मग ती चूक झाली. चुना तालुक्याच्या एका दुकानातून आणला होता, बारा पोती. पहिल्या पोत्यावर लिंबू पिळलं, फेस आला नाही, बाकीची पोती न तपासता कालवायला घेतली. भिंत चार फुटांवर गेली. बारा दिवसांनी खालच्या पट्ट्यात बोट घालून पाहिलं तर टणक. वरच्या पट्ट्यात घातलं तर बोट पेरापर्यंत आत गेलं आणि सोबत काडी सुटी होऊन खाली आली, चुना पिठासारखा. धावत जाऊन उरलेल्या पोत्यांवर लिंबू पिळलं. पाचांपैकी तीन सर्रर्र फेसाळली. दुकानदारानं जुना माल नव्यात मिसळून दिला होता, हे खरं. पण प्रत्येक पोतं तपासायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं. वरचा दोन फुटांचा पट्टा पाडला. मामांनी एका शब्दानं बोल लावला नाही. पडलेली काडी चाळून ओली केली, ताज्या चुन्यात मिसळून थोडी थोडी नव्या मालात घातली.

भिंत वर गेली, दीड महिना वाळली. पत्र्याचं छप्पर पश्चिमेला दोन फूट पुढे ओढून घेतलं, म्हणजे पावसाची झड थेट लागणार नाही. गिलावा मामांनी केला. चुन्यावर रंधा फिरवताना त्यांचा हात असा काही चालला की मी बाजूला झाले. त्यांनी लहानपणी वडिलांच्या हाताखाली चुना मारला होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते आधी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता मी आणि आई खोलीत उभ्या होतो. उत्तरेच्या पत्र्याला हात लावला आणि काढून घेतला. पश्चिमेच्या भिंतीला लावला आणि ठेवला. बाहेर ऊन थेट त्याच भिंतीवर होतं. आईनं तिच्या पद्धतीनं तपासलं. भिंतीतून उरलेला एक तुकडा, विटेएवढा, तिनं एका हातात घेतला, वरखाली करून पाहिला, आणि विचारलं, "हे अंगावर पडलं तर?" मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, लागेल. पण भिंत सांगाड्याला धरून आहे, आणि सुटलंच तर हे एवढंच आहे. तिनं तुकडा पुन्हा तोलला. मग तो नेऊन चुलीजवळच्या फडताळात ठेवला. अजून तिथंच आहे.

खोली अजून पत्र्याचीच आहे, तीन बाजूंनी आणि वरून. एका भिंतीनं दुपार निभत नाही. आणि दर भिंतीसाठी हिमालयातून ट्रक आणायचा, हे मला पटत नाही. झाडानं वाढताना शोषलेला कर्ब भिंतीत राहतो, हे या बांधकामाचं मोठं भूषण, आणि मी त्याचा अर्धा हिशेब डिझेलमध्ये घालवते आहे. आपल्याकडे लागवडीची वाट मोकळी व्हावी यासाठी मी बोलते, लिहिते, जिथं बोलावतील तिथं तो सव्वा किलोचा ठोकळा घेऊन जाते. तोवर हातात जे आहे त्यावर काम चालू आहे. आमच्या शिवारात तुरीच्या तुराट्या दरवर्षी बांधावर जळतात. कडबाकुट्टीत त्यांचे तुकडे करून, त्याच चुन्यात, त्याच साच्यात ठोकळे भरून पाहिले. तुराटी भांगेच्या काडीपेक्षा टणक आणि भरीव, पाणी कमी ओढते, म्हणून प्रमाण बदलावं लागतं. पहिले सहा ठोकळे हातात सुटे झाले. सातव्यापासून धरायला लागले, पण वजन अजून दोन किलोच्या खाली येत नाही. तुराटी किती बारीक करायची, आधी भिजवायची की नाही, साल ठेवायची की काढायची, हे सगळे ठोकळे मामांनी अंगणात फळीवर ओळीनं मांडलेत, प्रत्येकाखाली खडूनं आकडा.

उत्तरेची भिंत या उन्हाळ्याआधी घ्यायची आहे. गिलाव्यासाठी कळीचा चुना आणून खड्ड्यात विझवून ठेवलाय, वर चार बोटं पाणी. ते पाणी कमी झालं की आई न सांगता भरते.